शीलाताईंचं वॉटर्टन

विनिपेगच्या मराठी माणसाला उन्हाळ्यात डोंगर बघायचा असला की तो आधी नकाशा उघडत नाही, शीलाताई मुजुमदारांना फोन लावतो. आमच्याकडे उंच म्हणून काही नाहीच. जुन्या कचऱ्यावर माती टाकून केलेली एक टेकडी आहे, तिच्यावर पोरं हिवाळ्यात घसरगुंडी खेळतात, बस. म्हणून मग तेराशे किलोमीटर पश्चिमेला जायचं, रॉकी पर्वताच्या पायथ्याला, वॉटर्टन नावाच्या तळ्याकाठच्या गावात. बॅन्फला सगळं जग जातं, वॉटर्टनला मुजुमदारांच्या ओळखीचे जातात.

मीही फोन केला. तेव्हा आम्हाला इथे येऊन सहा वर्षं झाली होती आणि मी इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला ते काम फार मानवतं. मी नागपूरची, तोंडाला कुलूप नाही, आणि नवरा निमिष पुण्याचा, त्याला कुलूपच जास्त. आमचा वेदांत चौदा वर्षांचा, रुचा दहाची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शीलाताईंनी मला घरी बोलावलं. "फोनवर नको, ये, चहा घेऊ आणि नीट आखू." वय त्र्याहत्तर, बुटक्या, केस बारीक कापलेले, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर. नवरा म्हणजे चारुदत्त मुजुमदार, प्रांताच्या रस्ते खात्यातले निवृत्त इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला होता. खिडकीशी खुर्चीत बसून असायचे, बोलणं समजायचं, पण उत्तर द्यायला वेळ लागायचा. त्यांना काका आणि यांना मात्र ताई, असा आमच्या मराठी मंडळाचा उफराटा रिवाज. शीलाताई नाशिकहून अठ्ठ्याहत्तर साली लग्न करून आल्या, बावीस वर्षं एका शाळेच्या लायब्ररीत मुलांना पुस्तकं दिली. एक मुलगा, निहार, तो टोरांटोजवळ रिचमंड हिलला.

शीलाताई बोलायला लागल्या आणि मी टाइप करत सुटले. "सकाळी सहाला निघा. पहिला मुक्काम स्विफ्ट करंट, त्याच्या पुढे जायचा हट्ट निमिषला करू देऊ नकोस, संध्याकाळचं ऊन समोरून डोळ्यात येतं. दुसऱ्या दिवशी लेथब्रिजला ग्रोसरी भरून घे, गावात एकच लहान दुकान. किचनवालीच खोली घे. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी दोन दिवस टिकते. छत्री नेऊ नकोस, वारा छत्री ठेवत नाही. हरणं रस्त्यात बसलेली असतात, रुचाला सांग, हात लावायचा नाही. आणि टेकडीवर ते जुनं लाकडी हॉटेल आहे ना, तिथे राहायचं नाही पण तिथे जायचं, मागच्या बाजूला उभं राहायचं. तिथून सबंध तळं दिसतं. सगळे तिथेच गप्प होतात."

हे सगळं न अडखळता, कागदाविना. मी म्हटलं, "ताई, मुलांना दाखवायला एखादा फोटो?" त्यांनी कपाटाकडे बोट केलं. बारा-तेरा अल्बम होते. मी एकेक काढून बघत गेले. तळ्यासमोर काकांचे थोरले भाऊ भाऊसाहेब, वहिनी, दोन मुलं. तळ्यासमोर काकांची मावशी, नऊवारीवर टोपीचा जाड पार्का कोट घातलेली. तळ्यासमोर कोणाचा तरी जावई. प्रत्येक फोटोत वारा, उडालेले केस, आणि मागे तेच पाणी. चौथ्या अल्बमला मला खटकलं. तपासायची सवय.

"तुम्ही कुठेच दिसत नाही. फोटो तुम्ही काढायच्या वाटतं?"

"नाही गं, हे काढायचे."

"मग तुम्ही?"

"मी कुठे होते!" असं म्हणून त्या हसल्या आणि चहा ओतायला लागल्या.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अशी चिडले की बशी जोरात ठेवली. एक्केचाळीस उन्हाळे! अख्ख्या विनिपेगला वॉटर्टनला धाडणारी ही बाई स्वतः एकदाही गेली नव्हती.

कारण विचाराल तर काहीच नाही. गाडीत जागा पाच. एक्क्याऐंशीत भाऊसाहेबांचं कुटुंब आलं, चार माणसं, पाचवे काका चालवायला. निहार तान्हा होता. शीलाताईंनी पुऱ्या करून दिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जा, मी काय, इथेच असते, कधीही जाईन. पुढच्या वर्षी मावशी. मग नणंद. मग नाशिकहून त्यांची स्वतःची बहीण सीमा, नवरा आणि मुलींसकट. भारतातून माणूस इतक्या लांब येतो, त्याला डोंगर दाखवायचा नाही तर काय, घरामागचा बर्फ दाखवायचा? आलेला परत कधी येईल कोण जाणे, आणि आपण तर इथलेच. एका वर्षी दोघांचंच ठरलं होतं तर निहारला गोवर निघाला. मग काकांच्या ह्या आजारपणापर्यंत कोणी ना कोणी येतच राहिलं. परत आलेले लोक शीलाताईंच्या स्वयंपाकघरात बसून जेवताना सगळं सांगायचे, कुठे काय मिळालं, कुठे चुकलो, कसं दिसलं. त्या ऐकून ठेवायच्या. तेच पुढच्याला सांगायच्या.

"आणि कोणी म्हटलं नाही तुम्हाला, चला म्हणून?"

"म्हणायचे की. सगळेच म्हणायचे. मीच नको म्हणायचे."

खुर्चीतून काकांनी काहीतरी म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं त्यांना. "चूक," ते म्हणाले. "माझी."

शीलाताई उठून त्यांच्या अंगावरची शाल नीट करायला लागल्या. मग माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. डोळ्याच्या पडद्याचा आजार. उजवा डोळा गेल्यात जमा होता, समोर बघितलं की मधोमध काळा डाग. डाव्या डोळ्यात दर सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेत होत्या. "डॉक्टरीण म्हणते सध्या टिकून आहे. किती दिवस ते तिलाही माहीत नाही. मला काही रडायचं नाहीये गं, पण कधीकधी वाटतं, एकदा बघायला हवं होतं."

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "ताई, जुलैत तुम्ही आमच्या गाडीतून येताय. आम्ही चौघं, पाचव्या तुम्ही. संपला विषय."

त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. काकांना कोण बघेल? मी रिचमंड हिलला निहारला फोन लावला आणि त्याला असं फैलावर घेतलं की बिचारा आठ दिवसांची रजा टाकतो म्हणाला. वास्तविक तो चांगला मुलगा आहे, त्यालाही हे ठाऊक नव्हतं. म्हणाला, "आय ऑलवेज थॉट शी हेटेड लाँग ड्राइव्ह्ज." आईला लांबचा प्रवास आवडत नाही, असं बेचाळीस वर्षांचा माणूस समजून चालला होता!

त्या वसंतात शीलाताईंचा फोन एक दिवसाआड यायचा. खोली मिळाली का? गाडीचे टायर बदललेस का, विंटर टायर्सवर नेऊ नकोस बाई. त्यांनी निळं जाड जाकीट घेतलं, मला दुकानात नेऊन दोनदा घालून दाखवलं. एकदा म्हणाल्या, "बोटीत कुठल्या बाजूला बसायचं ते मी सगळ्यांना सांगते, पण मला बाई मधेच बसावंसं वाटतंय, म्हणजे दोन्हीकडचं दिसेल." इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मंडळात मी सगळ्यांना सुनावत फिरत होते. तुम्ही सगळे जाऊन आलात, एकाला तरी वाटलं का या बाईला विचारावं? लोक खाली बघायचे. मला फार बरं वाटायचं.

मग माझ्या आईचा व्हिसा आला.

सात महिने लटकला होता, आम्ही या वर्षीची आशा सोडली होती. निघायला बारा दिवस असताना पासपोर्ट आला, आणि निघायच्या चार दिवस आधी आई विनिपेगच्या विमानतळावर उतरली. बाबा गेल्यावरची तीन वर्षं ती नागपूरला एकटी होती. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. व्हीलचेअरवरून आली, गुडघे सुजलेले, मांडीवर लोणच्याचा डबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीलाताईंचा फोन. "आई पोचल्या ना? छान झालं. आता त्यांना घेऊन जा. मी काय, इथेच असते."

मी म्हणाले, "असं कसं ताई, तुमचं ठरलंय ना."

"अगं, त्या पहिल्यांदा आल्यात. त्यांना एकटीला घरी ठेवणार का? नको म्हणू नकोस हं. मी निहारला कळवते."

"बघते," मी म्हणाले.

बस. एवढंच बोलले मी. खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते की फोन ठेवल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. व्हिसा आल्यापासून मला तोच घोर लागला होता, आणि त्यांनी तो न विचारता सोडवून दिला. निमिषने मोठ्या गाडीचं बघू का म्हणून विचारलं. दोन ठिकाणी फोन केले, त्या आठवड्यात सात सीटांची गाडी नव्हती. तिसरीकडे आम्ही केला नाही. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी ताईंना खास नेऊ, घाईघाईत कशाला.

आमच्यात पहिला नकार हा नकार नसतो, हे काय मला माहीत नाही? आमच्या घरी पाहुणा पुरणपोळीला नको म्हणाला तर तीनदा वाढायचा आग्रह होतो, चौथ्यांदा ताटावर आडवा हात धरला तरी बोटांमधून तूप सोडतात. माणूस एकदा नको म्हणतो ते समोरच्याने पुन्हा म्हणावं म्हणून. हे मला बोलता येत नव्हतं तेव्हापासून कळतं. पोळी वाढताना कळतं. ताईंच्या फोनवर कळलं नाही.

आम्ही गेलो. सकाळी सहाला निघालो, स्विफ्ट करंटला थांबलो, लेथब्रिजला ग्रोसरी भरली. सगळं त्यांनी सांगितल्याबरहुकूम. वेदांत कानात इअरफोनचे बोळे घालून दोन दिवस फोनमध्ये डोकं घालून होता, त्याला मुळात यायचंच नव्हतं. त्या लाकडी हॉटेलच्या मागे आम्ही उभे राहिलो आणि खरंच सगळे गप्प झालो. दोन्हीकडून डोंगर पाण्यात उतरलेले, आणि पाणी निळं, इतकं निळं की आईने मला विचारलं, यात काही घालतात का गं? तिने हात जोडले. मी शीलाताईंना फोन लावला.

"वारा आहे ना? मी म्हटलं होतं. आईंना स्कार्फ बांध. हरीण दिसलं का रुचाला? बोटीत डावीकडे बसवा आईंना." मग जरा थांबून, "आज ऊन आहे का गं?"

"आहे, ताई."

"मग छान दिसत असेल," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी खोलीत आम्ही खिचडी खात होतो. आई शीलाताईंचं फार कौतुक करत होती, किती बारीकसारीक सांगितलं बाईने, किती वेळा आली असेल इथे. वेदांतने ताटातून मान वर न करता सांगितलं, "शी हॅज नेव्हर बीन हिअर, आजी. शी वॉज सपोज्ड टू बी इन युअर सीट."

आईला इंग्रजी तेवढं कळतं. तिने मला सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, डोळ्यांचंही सांगितलं. ती चिडली की हळू बोलते. "मला काहून नाही सांगितलं? मी राहिली असती ना तिच्या घरी. तिच्या नवऱ्याला पेज करून दिली असती."

"त्याच नको म्हणाल्या, आई."

"तू किती वेळा म्हटलं तिला?"

मी खिचडी चिवडत बसले.

"अबोली. किती वेळा?"

"एकदा."

"एकदा," आई म्हणाली. आणि ताट घेऊन उठली.

त्या खोलीत पाच माणसं होतो. निमिष घरी राहू शकला असता. वेदांतला तर सुटका वाटली असती, त्याच्या मित्राकडे, जयदीपकडे, आनंदाने राहिला असता. मी राहू शकले असते. एकाच्याही डोक्यात आलं नाही. मंडळातल्या ज्या लोकांना मी चार महिने तोंडावर बोलत होते, त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक होता? ते निदान मिरवत नव्हते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नाही, आणि ती लाज सांगायला आता मी हे लिहितेय असंही नाही. शीलाताईंविषयी कोणीतरी लिहायला हवं होतं आणि माझ्याइतकं कारण दुसऱ्या कोणाकडे नाही.

परत आल्यावर आई सरळ त्यांच्या घरी गेली. दोघी स्वयंपाकघरात दार लोटून तासभर बसल्या. काय बोलल्या ते मला दोघींनी सांगितलं नाही. त्यानंतर आई विनिपेगला होती तोवर रोज काकांना पेज करून पाठवायची.

जानेवारीत, बाहेर उणे तीस असताना, सकाळी मला फोन आला. "अबोली, जरा येतेस का? मला घड्याळ दिसत नाहीये." डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. मी त्यांना हॉस्पिटलला नेलं. दोन इंजेक्शनं झाली, मग तिसरं. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिने खोटा धीर दिला नाही. कडेकडेचं थोडं दिसेल, उजेड-अंधार कळेल, समोरचं येणार नाही. गाडीत बसल्यावर मी स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडले. शीलाताईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला, म्हणाल्या, "अगं, गाडी चालू कर आधी, काच गोठेल."

जूनमध्ये आम्ही त्यांना नेलं. त्या नकोच म्हणत होत्या, आता कशाला, डोळ्यांना दिसत नाही तर उगीच तुमची दगदग. मी रोज फोन केला. नऊ दिवस केला. दहाव्या दिवशी हो म्हणाल्या. निहार वडिलांपाशी येऊन राहिला. वेदांत जयदीपकडे राहिला. गाडीत निमिष, मी, रुचा आणि शीलाताई. पुढच्या सीटवर त्या, अंगात ते निळं जाकीट. रेजायना गेलं की सांगायच्या, आता उजवीकडे मोठं तळं येईल, मिठाने पांढरं झालेलं. यायचं.

वॉटर्टनला पोचलो तो पाऊस. रात्रभर पडत राहिला, सकाळी थांबला, पण ढग काही उठेना. त्याच दुपारी परत निघायचं होतं, निहारची रजा तेवढीच. मी दहादा बाहेर जाऊन बघितलं. शेवटी अकराच्या सुमाराला त्यांना टेकडीवर नेलं, त्या हॉटेलच्या मागे. मी त्यांचा हात धरला होता. समोर काहीही नव्हतं. ढग पाण्यापर्यंत उतरला होता, डोंगर नव्हते, पलीकडचा काठ नव्हता, आणि जेवढं पाणी दिसत होतं तेवढं नुसतं राखेच्या रंगाचं. मला देवाचा राग आला, खरंच आला. पहिल्यांदाच आलेल्या बाईला एवढंही नाही?

शीलाताई वाऱ्यात ताठ उभ्या राहिल्या. मान जरा तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघत.

"किती निळं आहे गं," त्या म्हणाल्या. "आणि दोन्हीकडून डोंगर! भाऊसाहेब म्हणायचे तस्संच आहे."

निमिषने माझ्याकडे बघितलं. रुचा काहीतरी बोलायला गेली, मी तिचा दंड दाबला.

"हो ना, ताई," मी म्हणाले.

"तुझ्या आईला फोन लाव," त्या म्हणाल्या. "त्यांना घोर लागलाय माझा. आता तिकडे नागपूरला रात्रीची जेवणं आटोपली असतील, पण जाग्या असतील त्या."

मी लावला. त्यांनी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला. "हं, मी शीला. पाहिलं हो सगळं. तुमच्या लेकीने आणलं. फार सुंदर आहे. आता मनाला लावून घेऊ नका, आपलं दोघींचंही बघून झालं." मग ऐकत राहिल्या, मान डोलवत राहिल्या, आणि फोन माझ्याकडे दिला.

मी चार पावलं लांब गेले. आईने लगेच विचारलं.

"अबोली, खरं सांग. दिसलं का गं तिला?"

शीलाताई तिथेच उभ्या होत्या, रुचाचा हात धरून, तिला बोटाने ढगात काहीतरी दाखवत होत्या. रुचा त्या बोटाच्या दिशेने बघत होती.

"हो आई," मी म्हणाले. "दिसलं."